कुपवाडला जायचं राहिलं

शालन,

तुझी पेटी आता माझ्याकडं आली. काल शिपाई ती प्रयोगशाळेत घेऊन आला आणि ॲसिडच्या बाटल्यांशेजारी ओट्यावर ठेवून म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, यंदापास्नं गॅदरिंगचं ह्ये तुमी बघायचं." तीच ती पत्र्याची पेटी. झाकणाला चिठ्ठी टाकायची फट, बाजूला तू स्वतः दिलेल्या पोपटी रंगाचे ओघळ. रंग देताना साडीवर डाग पाडून घेतलास आणि माझ्याकडं धावत आलीस, "केमिस्ट्रीवाले, ह्ये कशानं जाईल गं?" मी सांगितलं ते सोडून तू रॉकेल चोळलंस. डाग काही गेला नाही, आणि तीच साडी नेसून तू वर्गावर जात राहिलीस.

कॉलेजनं तुझी शोकसभा घेतली. कर्तव्यदक्ष म्हणाले, शिस्तप्रिय म्हणाले, विद्यार्थिनींची माउली म्हणाले. माउली! तू शेजारी असतीस तर माझ्या दंडाला चिमटा काढून विचारलं असतंस, "ही कुनाबद्दल बोलाय लागल्यात गं?" पेटीबद्दल एकजण बोलला नाही. पाटणच्या पोरीबद्दल तर कुणी बोलणारच नव्हतं. उठून बोलावं असं मनात आलं माझ्या, पण नुसता पदर तोंडाला लावून बसले. म्हणून आज लिहायला घेतलंय. रडून झालंय माझं. आता तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धवट टाकून तू निघून गेलीस, आणि हे काही बरं केलं नाहीस.

तू साताऱ्याला रुजू झालीस त्या वर्षीचं गॅदरिंग आठवतं? फिशपाँडचा कार्यक्रम चालला होता. पोरांनी पेटीत टाकलेल्या निनावी चिठ्ठ्या जी.एस. माईकवरून वाचत होता. जिचं नाव येईल तिनं उठायचं, भरल्या मांडवातून चालत स्टेजवर जायचं, चिठ्ठी हातात घ्यायची, हसायचं आणि परत यायचं. हसली नाही तर वर्षभर तिला 'एरंडेल' म्हणून चिडवणार. चिठ्ठ्या तरी कसल्या! कुणाच्या चालण्यावर, कुणाच्या अंगावर, कुणाचं कुणाशी जुळवून दिलेलं. एक मुलगी स्टेजच्या पायरीवर अडखळली आणि मांडवभर शिट्ट्या झाल्या. तू माझ्याकडं वळून विचारलंस, "हिला कुनी इचारलं का, तुझं नाव वाचू का म्हणून?"

मी म्हटलं, "अगं, गंमत असते ती."

"व्हय. पण कुनाची?" म्हणालीस आणि पुढं समोर बघत बसलीस. मला वाटलं, ही कडेगावची बाई फार अवघड दिसते. हिच्याशी आपलं काही जमायचं नाही.

पुढच्या वर्षी पेटी तू मागून घेतलीस. कुणालाच नको होती, त्यामुळं लगेच मिळाली. आणि मग तुझा तो नियम आला. चिठ्ठी वाचायच्या आधी जिचं किंवा ज्याचं नाव असेल त्याला एकटं गाठून ती दाखवायची. हो म्हटलं तर वाचायची. नाही म्हटलं तर तिथल्या तिथं फाडायची. नुसती हसली, मान खाली घातली, गप्प बसली, तर नाही धरायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं. हे पुन्हा विचारायचं कशाला, असं मी म्हटलं तर तू म्हणालीस, "आगं, पयल्या दिवशी मानूस बिचकतं. त्येला घरी जाऊन इचार करू दे की." प्राचार्य वैतागले. "बाई, हे गॅदरिंग आहे का कोर्ट?" त्या वर्षी मोजक्याच चिठ्ठ्या वाचल्या गेल्या. पोरं चिडली, आणि त्यांनी जिमखान्याच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलं, 'येथे थुंकण्यापूर्वी भिंतीला विचारावे.' मी ते पुसायला माणूस पाठवत होते. तू मला अडवलंस आणि पोट धरून हसलीस. "ऱ्हाऊ दे गं. इचारायचं आसतंय येवढं तरी शिरलं मेल्यांच्या डोक्यात!"

त्यातनंच ते झाडाखालचे तास सुरू झाले. हॉस्टेलच्या मागं कडुलिंबाखाली आधी मुलांना घेऊन बसायचीस, नंतर मुलामुलींना एकत्र. आणीबाणीचं वर्ष होतं. चार माणसं एका जागी बसली की प्राचार्य खिडकीत येऊन उभे राहायचे. त्यांनी तुला बोलावून विचारलं, "सभेची परवानगी काढलीत का?" तू सांगितलंस, "सभा न्हाई साहेब, पोरांस्नी वळण लावतीय." वळण म्हटल्यावर बिचारे काय बोलणार?

मी एकदा बघायला आले होते. तू एका पोराला उभं केलं होतंस. "तुझी पाळी नसताना दुसऱ्याच्या उसाचं पानी आपल्या सरीत वळवतोस का रं?"

"न्हाई बाई. डोकी फुटतील."

"आणि पायजेच आसलं तर?"

"इचारायचं. त्यो दे म्हनला तर घ्यायचं."

"आन् मदीच बास म्हनला तर?"

"तर पान्याचं दार बंद करायचं."

"मग पोरीच्या बाबतीत तुमची आक्कल कुठं जाती?"

सगळे हसले. मला मात्र रागच आला. परत येताना मी तुला सुनावलं, "पोरगी म्हणजे काय पाटाचं पाणी आहे? माणूस आहे ती." तू म्हणालीस, "त्येस्नी जे कळतंय त्यातनं सांगाय पायजे, कुंदे. तुझ्या परीक्षानळ्या दाखवून कळनार हाय का?" हे आपलं पहिलं भांडण. ते मिटलं नाही ते नाहीच. मला अजूनही ते उदाहरण पटत नाही, आणि तुझ्याइतकं चांगलं दुसरं मला सुचलेलंही नाही.

त्याच दिवशी मागं बसलेल्या एका दांडग्या पोरानं हात वर केला होता. "बाई, पर गप बसली तर? आमच्यात पोरगी बघाय गेलं, आन् पसंत हाय का म्हणून इचारलं, की पोरगी मान खाली घालून गप बसती. मग थोरली मानसं म्हणत्यात, हाय पसंत. सुपारी फोडा."

सगळे तुझ्याकडं बघत राहिले. तू पदर खोचलास. मला वाटलं आता चिडणार. तू शांतपणे म्हणालीस, "माझंबी तसंच धरलं हुतं. मी गप हुते. आन् माझ्या पोटात नुसतं न्हाई न्हाई न्हाई चाललं हुतं. त्येच्यानंतर सासरी काय झालं ते तुमाला सांगनार न्हाई. पर येवढं ध्यानात ठेवा, गप म्हंजे न्हाई."

मला तोपर्यंत एवढंच माहीत होतं की तू सासर सोडून आलीस आणि मग शिकलीस. घरी जाताना मी तुझा हात धरला. तू तो सोडवून घेतला नाहीस, पण त्यावर बोललीही नाहीस. मी विचारलंही नाही. पुढं कधीतरी सांगशील असं वाटलं.

पहिल्या ओळीत मान डोलावत बसणारा तो बागायतदाराचा मुलगा. किती छान बोलायचा गं! "बरोबर हाय बाई, इचारलंच पायजे." तू मला म्हणायचीस, ह्यो पोरगा पुढं काहीतरी करणार. त्यानं केलं. गॅदरिंगच्या तालमी चालल्या होत्या. दुपारची वेळ, स्टेजमागं कपडे बदलायची खोली, बाहेर ढोलकी जोरात. पाटणची ती पोर आत एकटी होती. ह्यानं दार लावून घेतलं. तिनं त्याच्या हाताला चावून स्वतःला सोडवलं आणि ती बाहेर आली तेव्हा तिच्या झंपरची बाही खांद्यापासून फाटून लोंबत होती. तू तुझी शाल तिच्यावर टाकलीस आणि हॉस्टेलात तुझ्या खोलीत नेलंस. 

मग तू प्राचार्यांच्या खोलीत गेलीस. मी तुझ्या मागं होते. तो पोरगा हाताला रुमाल बांधून उभा होता, आणि काय म्हणाला माहीत आहे ना? "सर, ती काय बोललीच न्हाई. गपच हुती."

तू टेबलावर असा हात आपटलास की शाईची दौत कलंडली. "गप म्हंजे काय? आं? काय शिकवलं हुतं तुला? सांग ह्येंच्यापुढं!" तो हातावरचा रुमाल चाळवत राहिला. प्राचार्य मुलाच्या आयुष्याचं, घराण्याचं, कॉलेजच्या नावाचं बोलायला लागले. तू म्हणालीस, "त्यो गेला न्हाई तर मी जाते. आन् जाताना गप जानार न्हाई." त्याला त्याच आठवड्यात कॉलेजातून काढलं. साताऱ्यात असं घडल्याचं तोवर मी तरी ऐकलं नव्हतं. तुझा किती अभिमान वाटला होता मला! हे तुला मी कधी सांगितलं नाही, कारण लगेच पुढं ते झालं.

मी तुझ्या खोलीवर आले तेव्हा दिवेलागण झाली होती. पोर आतल्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. तू बाहेर स्टोव्हवर चहा टाकत होतीस. म्हणालीस, "पाटणच्या गाडीच्या कंडक्टरकडं निरोप दिलाय. तिचा भाऊ सुट्टीवर आलाय मिलिटरीतनं, त्यो न्ह्यायला येईल."

"तिला विचारलंस?"

"इचारलं की. घरी कळवू का म्हटलं. गप हुती."

तुझा हात चहाच्या भांड्यावर तसाच राहिला. मी काही बोलले नाही, शालन. तूच माझ्याकडं बघितलंस आणि तुझा चेहरा पांढराफटक पडला. चहा उतू गेला, स्टोव्ह विझला. आपण दोघी तशाच स्टँडकडं पळत गेलो. पाटणची गाडी कधीच सुटली होती.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला. वाईट माणूस नव्हता तो. तुझ्या पाया पडला. "बाई, तुमी हुता म्हणून आब्रू वाचली," म्हणाला. तू त्याला तिचं वर्ष पुरं होऊ दे म्हणून किती विनवलंस! "आवं बाई, आता कसलं शिक्शान? गावात कळायच्या आत उजवून टाकू." त्यानं ट्रंक खांद्यावर टाकली. पोर तुझ्याकडं न बघता त्याच्या मागं गेली. बी.ए.ला फार काही उरलं नव्हतं गं तिचं. उन्हाळ्यात तिचं लग्न झाल्याचं कळलं. नवरा सांगलीजवळ कुपवाडला एका कारखान्यात कामाला.

इथनं आपलं खरं भांडण सुरू होतं. तू म्हणायचीस, "त्या पोरानं जे केलं तेच मी केलं. त्योबी म्हणाला गप हुती, मीबी म्हणाले गप हुती." मी म्हणायची, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? त्यानं तिला ओरबाडायला दार लावलं, तू तिला पांघरूण घातलंस. चूक झाली, मोठी झाली, पण ती ह्या जातीची नव्हे. तू ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "तिला इचार. तिला काय फरक पडला?" ह्यावर मला राग यायचा, आणि रागात मी काय बोलेन ह्याचा नेम नसतो हे तुला माहीत आहे. एकदा तर मी म्हटलं, "मग जा ना कुपवाडला! जा आणि सांग तिला. इथं माझं डोकं कशाला खातेस?"

तू जाणार होतीसच. प्रत्येक सुट्टीत जाणार होतीस. मी सांगलीला माहेरी निघाले की तू स्टँडवर यायचीस, गाडीच्या खिडकीशी उभी राहायचीस, आणि मला वाटायचं आता चढशील. पण नाही. "न इचारता कसं जायचं गं? दारात जाऊन हुबी ऱ्हायले, तर तिला नको म्हणायला जागा कुठं ऱ्हाती? सासू बसलेली आसंल. पावण्याला कुनी न्हाई म्हणतं का?" मी म्हणायची, मी आधी जाऊन विचारून येते. "नको. त्येबी तेच झालं. तुला बघून तरी ती काय म्हणनार?" मग पत्र टाक. "पत्र आधी सासरा वाचंल." सगळी दारं तूच लावून घेत होतीस, आणि कडी तुझ्याच नियमाची. मी तुला हट्टी म्हटलं, भित्री म्हटलं. भित्री म्हटलेलं तुला लागलं. त्या दिवाळीत तू स्टँडवर आली नाहीस.

पण तुझ्यावर अन्याय करायचा नाही मला. त्यानंतर ती दुसरी मुलगी आली नव्हती का, लायब्ररीतल्या कारकुनाची तक्रार घेऊन? प्राचार्य म्हणत होते आजच्या आज वडिलांना तार करा. तू दारात आडवी उभी राहिलीस. "तिला इचारल्याबिगर तार जानार न्हाई." ती दिवसच्या दिवस गप्प होती, आणि तू रोज सकाळी तिच्याशेजारी बसून एकदाच विचारायचीस, मग उठून वर्गावर जायचीस. शेवटी ती बोलली. घरी कळवायचं नाही, कारकुनाला हलवा, मला परीक्षेला बसू द्या. तू अक्षरशः तेवढंच केलंस, जास्त नाही आणि कमी नाही. ती आज कराडला शाळेत शिकवते. शोकसभेला आली होती, मागं भिंतीला टेकून उभी होती. तुझ्या फोटोला हार घालायला तिला कुणी बोलावलं नाही. मी तिला पुढं नेऊ का म्हणून विचारलं. ती हो म्हणाली, मग नेलं.

मलाही तू शिकवलंस, मोठेपणा कशाला मिरवू. माझी आई माझ्यासाठी सांगलीहून स्थळं पाठवायची आणि मी चरफडत पोहे करायची. तू मला एकदा विचारलंस, "तुला लगीन करायचं हाय का?" इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं गं! स्थळ पसंत आहे का, एवढंच विचारायचे. मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता तू पुन्हा विचारलंस. मी म्हटलं, नाही. तू म्हणालीस, "बरं. लोणचं दे."

आणि मग तुझी ती कावीळ. साताऱ्यात उतरेना म्हणून तुला मिरजेला हलवलं. तुझा भाऊ कडेगावहून आला, मी रजा काढून सांगलीत आईकडं राहिले. रोज दुपारी तुझ्यापाशी यायची. डोळे हळदीसारखे झाले होते तुझे, पण तोंड चालूच. नर्सला म्हणायचीस, "सुई टोचायच्या आधी सांगत जा की गं बाई." त्या शेवटच्या दुपारी तू खिडकीकडं बघत होतीस. अचानक विचारलंस, "कुपवाड इथनं लय लांब हाय का?"

"कुठलं लांब? इथं शेजारी. माणसं कामावरनं सायकलीनं येतात."

 मी जवळ सरकले. "शालन, बोलावू का तिला? नुसतं विचारते, येणार का म्हणून."

तू माझ्याकडं बघितलंस, मग खिडकीकडं. ओठ हलल्यासारखे वाटले मला. मी वाट बघितली. पंख्याचा आवाज येत होता, शेजारच्या खाटेवरची म्हातारी कण्हत होती. तू गप्पच. आणि मी काय करणार? तूच शिकवलेलं. गप म्हणजे नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं. मी तुझी चादर सारखी केली, उद्या येते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी जिन्यापर्यंत पोचले तर तुझा भाऊ पायरीवर डोकं धरून बसलेला.

तुझं दिवसकार्य झाल्यावर मी कुपवाडला गेले, शालन. चिडू नकोस. मी तुझ्यासारखी नाही, माझ्याच्यानं राहवलं नाही. तिला तुझं कळलं नसेल, आणि ते तिला कुणीतरी सांगायला हवं होतं, एवढंच मी स्वतःला सांगितलं. चाळीतलं घर. दारात ती तांदूळ निवडत बसली होती, थोडी सुटलीय आता. मी उंबऱ्याबाहेर थांबले आणि विचारलं, "येऊ का?" ती ताडकन उठली. "या की मॅडम." एवढंच गं. येऊ का, या की. त्या दोन शब्दांसाठी आपण किती भांडलो!

सासूनं घोंगडं टाकलं, चहा ठेवला. कालिजातल्या बाई आल्यात म्हणून दोन शेजारणी डोकावून गेल्या. तिची तीनेक वर्षांची मुलगी खांबाआडून माझ्याकडं बघत होती. मी हात पुढं केला. ती पोरीला म्हणाली, "मॅडमकडं जातीस का?" पोरीनं मान हलवली. सासू म्हणाली, "जा की गं भवाने, खात्यात व्हय तुला त्या?" आणि ती सहज, तांदळातला खडा बाजूला टाकल्यागत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आत्याबाई. न्हाई म्हणाली ती."

मी चहाचा कप खाली ठेवला. 

मला नळावर पाणी दाखवायच्या निमित्तानं ती मागं घेऊन गेली. तिथं मी तिला तुझं सांगितलं. ती नळाची तोटी धरून उभी राहिली. मग तिनं विचारलं, "कुठं गेल्या?" मी मिरज म्हटलं. "मिरजंत? इतक्या जवळ? आन् मला कुनी..."  तिनं डोळ्यावर पाणी मारलं.

मी तिला सांगितलं की तू रोज तिची आठवण काढायचीस. येणार होतीस, पण विचारल्याशिवाय यायचं नाही म्हणून अडून बसलीस. ती ऐकत होती. मग मी विचारलं, "मला बाईंवर लिहायचंय. त्यात तुझं यावं असं मला वाटतं. लिहू का?"

ती गप्प. सासूनं आतनं हाक मारली. मी म्हटलं, "घाई नाही. मी उद्या पुन्हा येते विचारायला."

ती माझ्याकडं अशी बघत राहिली, की आपण काही भलतंच बोललो का असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर पोरीला कडेवर घेऊन ती चाळीच्या तोंडाशीच उभी होती. लांबूनच म्हणाली, "आलाव व्हय खरंच?"

"येते म्हटलं होतं ना."

"लिवा," ती म्हणाली. "माझं नाव नको. गावाचं चालंल. बाईंचं मातुर नाव लिवा." मी म्हटलं, नक्की ना? ती म्हणाली, "नक्की." मग पोरीला खाली उतरवलं आणि तिच्या फ्रॉकचं बटण लावता लावता, माझ्याकडं न बघता बोलायला लागली. "त्या दिवशी बाईंनी मला इचारलं, घरी कळवू का. माझ्या त्वांडातनं शब्दच फुटंना.  मला कळवायचं नव्हतं, मॅडम. मला पेपर द्यायचं हुतं. मी भिताडाकडं त्वांड करून जुळवीत हुते कसं सांगायचं ते. राग न्हाई माझा त्यांच्यावर. लय वाट बघितली त्यांची, येतील म्हणून. पर त्या दिवशी मला वाटलं हुतं, बाई उद्या आणि एकदा इचारतील. उद्या मी सांगनार हुते."

मी तिथंच चाळीच्या पायरीवर बसले, शालन. तिची पोरगी येऊन माझ्याकडं बघत उभी राहिली. मिरज तिथनं दिसत नाही, पण मी त्या बाजूलाच बघत होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर तुझे ते हललेले ओठ होते. मीही तुला उद्याच विचारणार होते.